तुटक सुराचा परवाना

त्या खोऱ्यात हवा कुणाच्या बापाची नव्हती, पण हाक मारायला परवाना लागे. म्हाताऱ्या बगळ्यांनी कधीकाळी सूर वाटून घेतले होते. चांगले सूर स्वतःकडे ठेवून ते वर्षानुवर्षं मुके उभे राहत आणि त्यालाच शिस्त म्हणत. नियम दोन: मंजूर सुरातच बोलायचं, आणि बोलून झालं की थांबून, ठासून ‘संपलं’ म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याला तोंड उघडता येईल.

सरू टिटवीची चार अंडी नदीतल्या वाळूवर होती. तिचा नवरा भिवा वर बंधाऱ्यापाशी पाण्यावर नजर ठेवून असे. पाणी वाढलं की त्याने हाक द्यायची, सरूने अंडी ढकलत काठावर न्यायची. त्यांच्याकडे सासूच्या वेळचा लांब सुराचा परवाना होता. पण बंधाऱ्याच्या घोंघाटात लांब सूर विरघळून जाई. भिवाने तुटक सूर शोधला, टिट्-टिट्-टिट्. तो आरपार जाई.

सरू थोरल्या बगळ्याकडे गेली.

“सूर बदलला म्हणजे पक्षी बदलला,” तो म्हणाला. “नव्याने अर्ज कर.”

“अण्णा, पक्षी तोच आहे. भिवाच ओरडणार.”

“कशावरून? आमच्या काळी एकाच सुरात जन्म जायचा, पोरी.”

“आणि अंडी?”

“तीही जायची. पण नियमाने.”

सरूने त्याच दिवशी अर्ज केला. मंजुरीआधी तुटक सूर काढला तर पंख छाटत. भिवा भित्रा नव्हता; चांगल्या वळणाचा होता, ते जास्त वाईट. रोज दुपारी तो लांब सुरात सांगे, “पाणी शांत आहे. संपलं.” सरूला शेवटचा शब्दच तेवढा ऐकू येई. तिला तेवढा पुरे.

अर्जानंतर नवव्या दुपारी पाणी बंधाऱ्यावरून उसळलं. भिवाने जीव तोडून हाक दिली, मंजूर सुरातच. घोंघाटाने ती गिळली. खाली सरूला रोजचंच ऐकू आलं: “संपलं.”

ती अंड्यांवर नीट सरकून बसली.

दिवस कलताना थोरला बगळा परवाना घेऊन आला. वाळूच्या जागी गढूळ पाणी होतं. वर सरू मुक्यानेच घिरट्या घालत होती. बंधाऱ्याकडून आता तुटक सूर येत होता, टिट्-टिट्-टिट्, अगदी स्पष्ट. बगळ्याला सरूला हाक मारायची होती, पण चोचीत परवाना होता. चोच उघडली असती तर तो वाहून गेला असता. पाणी पोटाला लागलं तरी तो तसाच उभा होता, चोच घट्ट मिटून.