वानराच्या नावाचे मैदान

मुलांनो, एका डोंगराळ रानातला एक वानर गोल्फ खेळण्यात फार पटाईत होता. काठीने चेंडू टोलवून तो थेट दूरच्या खळग्यात पाडत असे. त्याची कीर्ती इतकी पसरली, की रानोरानचे प्राणी म्हणू लागले, "मैदान हवे तर वानरदादांनीच आखलेले!" कोल्ह्याने संधी हेरली. तो वानराला म्हणाला, "दादा, तुम्ही फक्त नाव द्या. बाकीचे मी बघतो." वानराला ते सोयीचे वाटले. पाहता पाहता कितीतरी मैदानांवर त्याच्या नावाच्या पाट्या लागल्या. त्यातली बरीचशी त्याने पाहिलीही नव्हती.

असेच एक मैदान नदीकाठच्या रानात तयार झाले. उद्घाटनाला वानर आला आणि टाळ्यांच्या गजरात त्याने पहिला फटका मारला. चेंडू उतारावरून घरंगळत सुटला, तो पाणथळीत टिटवीच्या अंड्यांपासून वीतभर अंतरावर थांबला. टिटवी किंचाळतच आली. "वानरदादा, आता सारे चेंडू इथेच येणार! असा उतार का हो आखलात?"

कोल्हा वानराच्या कानाशी लागला, "सांगा, विचार करूनच आखलाय." पण अंड्यांवर पंख पसरून बसलेल्या टिटवीकडे पाहून वानराला ते बोलवेना. "टिटवीताई, हे मैदान मी आखलेले नाही," तो म्हणाला. "मी ते आज पहिल्यांदाच पाहतो आहे." मैदान खणणारे साळिंदर पुढे आले. "मला हा उतार खटकला होता. पण कोल्हा म्हणाला, दादांनीच असा आखलाय. मग वाटले, एवढ्या मोठ्या खेळाडूचे चुकेल कसे?"

वानर ओशाळला. त्याने स्वतःच्या हाताने पाटी उतरवली आणि तिथेच मुक्काम ठोकला. चेंडू कुठे वळेल ते तो सांगे, माती कुठे टिकेल ते साळिंदर सांगे. दोघांनी उतार फिरवला, पाणथळीकडे बांध घातला. टिटवीची पिल्ले दुडुदुडु धावू लागली, तोवर मैदानही सजले. त्यावर खेळताना वानराला झालेला आनंद त्याला एकाही पाटीने दिला नव्हता.

पुढे दुसऱ्या रानाचे पाहुणे त्याचे नाव मागायला आले. वानर उठून उभा राहिला. "नावाचे नंतर पाहू," तो म्हणाला, "चला, आधी मला तुमचे रान दाखवा."

तात्पर्य : ज्या कामाला आपले नाव द्यायचे, त्याला आपले हातपायही लागले पाहिजेत.