तीट पुसली गेलेली मासोळी

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरावरच्या एका लहानशा राज्यात कुमुदिनी नावाची राजकन्या राहत होती. राजवाड्यामागे थंडगार पाण्याचं तळं होतं आणि त्यात दूरदेशीच्या व्यापाऱ्यानं भेट दिलेले रंगीत मासे होते. त्यांतल्या दोन मासोळ्या कुमुदिनीच्या हातून लाह्या खात. एक पांढरीशुभ्र होती. बाळाला लावतात तसा काळा ठिपका तिच्या कपाळावर होता, म्हणून तिचं नाव तीट. दुसरी लाल होती, तिचं नाव शेंदरी.

कुमुदिनीचं लग्न समुद्राकाठच्या राज्यात झालं. पाठवणीच्या वेळी राजानं पाण्यानं भरलेल्या हंड्यात त्या दोन्ही मासोळ्या लेकीबरोबर दिल्या. "ओळखीचं कुणीतरी असू दे सोबत," ते म्हणाले.

सासरचं तळं मोठं होतं, पण उघड्यावर, उन्हात तापणारं. पहिला उन्हाळा सरायच्या आत तीटेच्या कपाळावरचा ठिपका राखाडी झाला, आणि एके सकाळी दिसेनासाच झाला.

"हिला इथलं पाणी मानवत नाही. ही आता जगत नाही," कुमुदिनी म्हणाली.

तिची सासू, राणीसाहेब, तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी विचारायला नव्हतं. मग वैद्यबुवांना बोलावणं गेलं. "मी माणसांना औषध देतो. माशांचं मला फारसं कळत नाही," ते खरं तेच बोलले. पण नव्या सुनेचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी कडुनिंबाचा काढा सांगितला. तीटेला जाळीनं धरून एका घंगाळात ठेवलं. त्यात रोज काढा पडू लागला. तीट घंगाळाच्या कडांवर धडका देऊ लागली, आणि कुमुदिनी तिच्यापाशी बसून राहू लागली.

"शेंदरी मात्र छान उजळलीय हं," दासी तिची समजूत घालत. कुमुदिनी मान हलवायची. तळ्याकडे जायला तिला सवड नव्हती.

राणीसाहेब परतल्या तेव्हा सून घंगाळाजवळ डोळे पुसत बसली होती.

"काय झालं हिला?"

"रंग गेला, आईसाहेब."

"ते दिसतंय. खात होती का?"

"घंगाळात घालेपर्यंत खात होती. लाह्या टाकल्या की सगळ्यांच्या आधी यायची."

"मग आजारी कशावरून?"

राणीसाहेबांनी तिचा हात धरून तिला तळ्यावर नेलं आणि पाण्यात मूठभर लाह्या टाकल्या. सारे मासे वर आले. शेंदरी आली नाही. ती पायरीखालच्या सावलीत, पंख मिटून, एकटीच होती. मधूनच वळून दगडाला अंग घाशी आणि पुन्हा निश्चल होई.

"ही कधीपासून अशी आहे?"

"मी पाहिलंच नाही," कुमुदिनी हळूच म्हणाली. "तिचा रंग खुलला होता, म्हणून मला वाटलं ती सुखात आहे."

"तिच्या पंखांच्या कडा आधी अशा लाल होत्या?"

"नाही. पांढरट होत्या."

"मग हे खुलणं नव्हे, बाळ. जखम चिघळली की भोवतालची कातडी लाल होते, तसं आहे हे."

शेंदरीला अलगद वर घेतलं, तर पोटाखाली खरंच जखम होती. तळ्यात पाणी येण्याची वाट कुजक्या पानांनी बुजली होती आणि पाणी घाण झालं होतं. ती मोकळी केली. तीटेला तळ्यात सोडलं, आणि सोडल्यासरशी ती लाह्यांवर तुटून पडली. घंगाळ घासून त्यात स्वच्छ पाणी आणि थोडं मीठ घातलं, आणि शेंदरीला त्यात ठेवलं. कुमुदिनी रोज आपल्या हातानं पाणी बदले. बरेच दिवस शेंदरीनं तोंड उघडलं नाही. मग एकदा तिनं एक लाही गिळली, आणि हळूहळू ती सावरली.

"तीटेचा ठिपका परत येईल का?" कुमुदिनीनं सासूला विचारलं.

"येईल किंवा नाही येणार. ऊन पाण्यात काही माशांचे काळे डाग विरतात, काहींचे वाढत्या वयात जातात. त्यात दुखणं नसतं."

पुढच्या वर्षी कुमुदिनीचे वडील लेकीला भेटायला आले. तळ्यात एक कोरी पांढरी मासोळी पाहून ते चमकले. "हिला काय झालं?"

"काही नाही, आबासाहेब. इथे ती अशी दिसते."

राजानं लेकीकडे पाहिलं. तीही समुद्राकाठच्या उन्हानं सावळी झाली होती. बोलताना तिचे हेल इथल्यासारखे झाले होते. संध्याकाळी पंगतीत ते तिच्या ताटाकडे पाहत राहिले. सासूशी काहीतरी बोलून हसत तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा कुठे त्यांनी आपला पहिला घास तोंडात घातला.

तात्पर्य: रंग बदलला म्हणून घाबरू नये, आणि रंग खुलला म्हणून निर्धास्त राहू नये, जीव कसा वागतो ते पाहावं.