द्राक्षांचा पदर

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्याच्या पणज्यालाही आठवत नसेल अशा काळी, एका डोंगराळ राज्यात द्राक्षांचा एक मळा होता. तिथलं द्राक्षासव राजाच्या पंगतीला जाई. मळा राखणाऱ्या चंद्राईचा रुबाब तर असा, की प्रधानजीसुद्धा वाटेत थांबून "काय चंद्राई, बरं आहे ना?" असं विचारून पुढे जात.

मळ्यात मान होता शेलकी नावाच्या वेलीला. लवकर पिके आणि मधासारखी गोड लागे. कुंपणावर आणखी एक जात पसरली होती, तिला सगळे रांगडी म्हणत. पानं जाडजूड, आणि पिकायला इतका उशीर की त्याआधीच थंडी पडे. फळ आपलं आंबटढाणच राही. बकऱ्यासुद्धा तोंड वाकडं करत.

या मळ्याची एक रीत होती, पानतोड. घड भरू लागले की ढोल वाजे आणि बायका घडांभोवतीची पानं खुडून टाकत. डोंगरावर गारठा भारी, ऊन लागल्याशिवाय घड पिकतच नसत. मोठ्या मायेनं पाडलेली रीत होती ती.

पण हळूहळू दिवस पालटले. पाऊस आटला, ऊन तापू लागलं. शेलकीचे घड वेळेआधीच पिकून जायचे, उन्हाकडची बाजू करपून काळी पडायची. आसव नुसतं गोडमिट्ट! त्यातली आंबटसर तरतरी पार गेली. राजानं पेला बाजूला सारला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षीही हेच आलं, तर मळा मोडा. खाली चांगला दगड आहे, तो काढू."

राजाच तो, बोलून मोकळा झाला. इकडे चंद्राईच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वेली तिनं पोटच्या पोरींसारख्या वाढवल्या होत्या.

आपणच सेवेत कमी पडलो, असं तिला वाटलं. त्या वर्षी तिनं हुकूम सोडला, "घडाजवळ एकही पान ठेवू नका!"

तिची सून हौसा जरा तोंडाळच. ती म्हणाली, "आत्याबाई, उन्हात निघताना आपण डोक्यावर पदर घेतो. मग या बिचाऱ्यांचा पदर का ओढायचा?"

"आली मोठी शहाणी! तुझ्या जन्माआधीपासून पानं तोडतेय मी," चंद्राई कडाडली.

अर्धा मळा खुडून झाला आणि भर उन्हात चंद्राईला भोवळ आली. बायकांनी तिला उचलून कुंपणापाशी नेलं, कारण दाट सावली तेवढी रांगडीचीच होती. तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले, तर वर हिरवंगार छत आणि कपाळाशी लोंबणारा एक घड. तिनं हात लावून पाहिला. गार! अजून कच्चा, टणक, पण कुठे डाग म्हणून नाही.

फांदीवर एक बुलबुल बसला होता. तो म्हणाला, "तोडू नकोस गं बाई. शेलकी सोडून आम्ही हिच्यासाठी थांबलोय."

"अरे, ही कधी पिकतच नाही!"

"पिकत नव्हती. तेव्हा थंडी लवकर यायची. आता ऊन रेंगाळतं. गेल्या साली पिकली होती की! तुम्ही बघायला आलात कुठे?"

चंद्राई ताडकन उठून बसली. "ढोल थांबवा! हौसा, तुझंच खरं गं. सावलीत माझा जीव परत आला, आणि त्या कोवळ्या घडांना मी उघडं पाडत होते. काय ही माझी अक्कल!"

सासूनं सुनेला 'तुझंच खरं' म्हणण्याची त्या राज्यातली ही पहिलीच वेळ असावी.

उरलेल्या अर्ध्या मळ्यात पानं तशीच राहिली आणि तिथले घड करपले नाहीत. शेलकी नेहमीपेक्षा लवकर, सकाळच्या गारव्यात खुडली. रांगडीसाठी मात्र चंद्राई थांबली. म्हातारीला वेड लागलं, असं लोक उघड म्हणू लागले. अखेर रांगडी पिकली, आणि गोडी आली तरी तिनं आपला आंबटपणा सोडला नाही. दोघींचं आसव वेगवेगळं मुरवून एका रांजणात मिसळलं.

पंगतीच्या दिवशी राजानं घोट घेतला. चंद्राईनं डोळे मिटून हौसाचा हात घट्ट धरला. राजानं पेला संपवला. मग त्यानं रिकामा पेला पुढे केला आणि म्हणाला, "आणखी."

हुश्श! चंद्राई तिथंच फतकल मारून बसली आणि हसता हसता रडू लागली.

मळा वाचला. पुढे शेलकी डोंगराच्या वरच्या, गार अंगाला लावली आणि खालचा उतार रांगडीला दिला. ढोल दर वर्षी त्याच हंगामात वाजत राहिला. फक्त आता बायका कोवळ्या फांद्या ओढून घडांवर सावली बांधत, आणि हौसानं त्या सणाला नाव दिलं, पदरझाकणी.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माया तीच ठेवावी, पण ऊन बदललं की ती करायची रीत बदलावी.