माथ्यावर चढलेली अक्षरं

फार पूर्वी एका उजाड माळावर धर्मशाळा बांधली गेली. गुरं शिरू नयेत म्हणून तिचं दार लोटलेलं असे. सटवाजी पाथरवटाने एका शिळेवर ‘आत पाणी आहे, दार ढकला’ असं कोरलं आणि शिळा दाराशेजारी, छातीच्या उंचीवर बसवली.

अक्षरांना तिथे चैन पडेना. “इथे धूळ उडते, शेळ्या अंग घासतात. आम्हाला कमानीच्या माथ्यावर ने!”

“या वाटेने माणसं डोक्यावर ओझं घेऊन येतात,” सटवाजी म्हणाला. “त्यांना मान वर करता येत नाही.”

पण रोजची कुरकुर थांबेना. शेवटी वैतागून त्याने शिळा उचकटली आणि माथ्यावर चढवली. अक्षरं उन्हात झळकू लागली.

वैशाखात एक कुंभारीण डोक्यावर मडक्यांचा हारा घेऊन आली. तिचे ओठ सुकले होते. ती दाराशी थांबली.

“दार लावलंय. कुणी राहत नसेल इथे,” ती पुटपुटली आणि पुढे निघाली.

“अगं बाई, वर बघ!” अक्षरं जिवाच्या आकांताने ओरडली. पण कोरणाऱ्यावाचून अक्षरांचा आवाज कुणाला ऐकू येतो?

पुढे सात कोस पाणी नव्हतं. आणि इतक्या उंचावरून ती अक्षरांना फार वेळ दिसत राहिली.