तिसरा खड्डा

हिमालयातल्या एका उंच गावात हयातसिंग नावाचा लोकरीचा व्यापारी राहायचा. माणूस गोड, पण घासाघिशीत पक्का. कुणी "नाही" म्हटलं की याच्या लेखी सौदा तिथून सुरू व्हायचा. समोरच्याला चहा पाजून, हसवून, दमवून तो "हो" म्हणायला लावायचा. वर तोच माणूस याचे आभार मानत घरी जायचा!

थंडीच्या तोंडाशी त्याचा शेवटचा तांडा खिंडीकडे निघाला. शेळ्यांच्या पाठीवर लोकरीच्या थैल्या, आणि शेळ्या हाकायला धाकटा भाऊ पानू. थोरल्याला तो दाज्यू म्हणायचा.

आता त्या गावाची रीत अशी. खिंडीखालच्या उतारावर पाय टाकण्याआधी म्होरक्यानं बर्फात थेट जमिनीपर्यंत खड्डा खणायचा आणि तळाचा बर्फ मुठीत दाबायचा. गोळा वळला तर पुढे जायचं. साखरेसारखा सुटा होऊन बोटांतून गळला, तर मागे फिरायचं. कारण तसल्या तळावर बसलेला वरचा बर्फ कधी घसरेल, नेम नाही. आणि खड्डा एकच. उताराला दोनदा विचारायचं नाही.

हयातसिंगानं खणलं. तळाचा बर्फ बोटांतून गळून गेला.

"दाज्यू, फिरूया मागं," पानू म्हणाला.

"थांब रे. इथं ऊन लागत नाही, म्हणून तसा असेल."

थोडं वर जाऊन त्यानं पुन्हा खणलं. पुन्हा तेच.

पानू हसला. "आता काय, डोंगराला चहा पाजणार?"

"गप! खिंड बंद झाली तर ही लोकर उन्हाळ्यापर्यंत घरात कसर लागून पडेल."

मग एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यानं तिसरा खड्डा खणला. तिथं वाऱ्यानं बर्फ ठासून बसवला होता. गोळा घट्ट वळला. तो त्यानं पानूच्या हातावर ठेवला.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

पानूनं गोळ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. थोरल्याचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. शेळ्या घेऊन तो उतारावर गेला.

मधोमध पोचला, तोच पायाखालून दबका आवाज आला, भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. वरचा सगळा उतार फाटला. पानूनं वळून "दाज्यू" एवढंच म्हटलं.

हयातसिंग खडकापाशी उभा होता. त्याच्या पायाखालचा बर्फ तसूभर हलला नाही. तो खड्डा खोटं बोललाच नव्हता. तो त्या खडकापुरतं खरं बोलला होता.

पानू सापडला तो चैत्रात, बर्फ वितळल्यावर. हयातसिंगानं त्याला पाठीवर घालून गावात आणलं.

"नशीब, दुसरं काय," शेजारी म्हणाले.

"उतारानं दोनदा सांगितलं होतं," हयातसिंग म्हणाला.

तात्पर्य: मनासारखं उत्तर शोधत फिरणाऱ्याला ते कुठं ना कुठं मिळतंच, म्हणून जिथं जिवाची गोष्ट आहे, तिथं पहिल्या नकारालाच मान द्यावा.