कवठ टाकणाऱ्यांचं राज्य

एक जंगल होतं. अजूनही आहे, पण तिकडे फिरायला जाऊ नका, प्यायला पाणी मिळणार नाही. त्या जंगलाचं नाव सागरान. नदीपलीकडे दुसरं जंगल, पळसरान. मधल्या नदीत एकच खोल डोह, आणि उन्हाळाभर त्याचं पाणी कुणी प्यायचं, हे दर होळीला एका खेळावर ठरायचं. मारामाऱ्या करून दोन्हीकडचे थकले, तेव्हा हा तोडगा निघाला. दोन्ही जंगलांनी शहाणपणाने केलेला तो शेवटचा ठराव.

खेळ सोपा. एकाने कवठ टाकायचं, त्याच्याच बाजूच्या दुसऱ्याने ते झेलून जांभळीच्या झाडापलीकडे न्यायचं. समोरचे अर्थातच मध्ये घुसणार, टाकणाऱ्याला लोळवणार, झेलणाऱ्याला अडवणार. आणि सागरानात कवठ टाकेल तो राजा. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण झेलणाऱ्यांनी केलेला नसावा.

पाच वर्षं झुंबरराव अस्वल राजा होते, आणि पाचही वर्षं डोह सागरानाचा होता. खरं डोकं होतं यमुनाक्का साळिंदरीचं. खेळाआधी आठ दिवस ती ओल्या वाळूत आपल्याच काट्याने रेघा ओढत बसायची.

"डुकरांनो, तुम्ही डावीकडे बोंबलत सुटा. सगळे तुमच्यामागे येतील. शेवंते, तू गुपचूप उजवीकडनं जांभळीमागे जा. आणि महाराज, तुम्ही तीन आकडे मोजून तिकडे टाका."

"शेवंता दिसली नाही तर?"

"दिसायची गरजच नाही. असेल ती तिथे."

शेवंता वानरीण खरंच तिथे असायची, आणि एकटी असायची. एका होळीला महाराजांच्या डोळ्यांत धूळ गेली. त्यांनी डोळे मिटून कवठ टाकलं, तरी तिने झेललं. त्या नेमाबद्दल महाराजांचा दगडी पुतळा उभारला गेला. पुतळ्याचे डोळे मात्र उघडे ठेवले.

घोटाळा तिथेच झाला. महाराज रोज पुतळा बघायला जाऊ लागले आणि हळूहळू त्यांना तो पटला.

मग मोठी सभा भरली. "रानवासीयांनो! कवठ रेघांनी उडतं का?" "नाहीऽऽ!" "मग कशाने उडतं?" "मनगटाने!" "मनगट कुणाचं?" "तुमचं!" झाडावरचे पोपट ओरडले, "रेघ नको, आखणी नको, झुंबररावांविना कुणी नको!" लगेच फर्मान निघालं : आजपासून वाळूत रेघ ओढणं हा महाराजांच्या मनगटावरचा अविश्वास समजला जाईल.

"बरं बाई," यमुनाक्का म्हणाली, आणि पळसरानात बहिणीकडे राहायला गेली. तिला अडवावं असं कुणाला सुचलं नाही.

होळी आली. कुणी कुठे पळायचं हेच ठरलं नव्हतं, म्हणून डुकरं शेवंतामागे पळाली, कारण तिला वाट माहीत होती. डुकरांमागे अख्खं पळसरान आलं. कवठ त्या गर्दीत पडलं. पलीकडून टाकायला उभा होता बापू ससा. कवठ त्याच्या डोक्याएवढं, दहा पावलांपुढे जाईना. पण पडे तिथे त्यांची मुंगुसीण एकटीच, आरामात उभी. डोह गेला.

चौकशीसाठी लांडगेसाहेबांची समिती बसली. दोष शेवंताच्या बोटांत सापडला.

"अहो, माझ्या अंगावर नऊ जण होते!" शेवंता रडकुंडीला आली. "आक्काला परत बोलवा, मी तुमच्या पाया पडते. पाणी दीड कोसावर गेलंय. माझी दोन पिलं, धाकटं तर परवा वाटेतच मान टाकून बसलं. काय करू मी?"

लांडगेसाहेबांनी नोंद केली : अर्जदार भावनिक आहे.

तरीही काहीतरी करायला हवं होतं. डोह सशाने जिंकला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग गाजरांचे भारे पाठवून ससाच फोडला. काल त्याला चोर म्हणणाऱ्या पोपटांनी आज त्याला युगपुरुष म्हटलं. झुंबररावांना मार्गदर्शक केलं, म्हणजे पुतळ्याशेजारी बसवलं.

बापू ससा सरळ स्वभावाचा. गादीवर बसल्याबसल्या त्याने विचारलं, "छान. टाकायचं कुठे?"

लांडगेसाहेब वहीची पानं चाळू लागले.

"तिकडे आक्का सांगायची," ससा म्हणाला. "इथे कोण सांगतं?"

"महाराज, आपण फक्त टाका," लांडगेसाहेब म्हणाले. "पडेल तिथे टाळ्या वाजवायची व्यवस्था केली आहे."

पुढच्या होळीला कवठ दहा पावलांवर पडलं. टाळ्या झाल्या. पळसरानाकडून आता एक म्हातारं कासव टाकत होतं. तेच जिंकलं.

वैशाखात धाकटं पिलू डोळे उघडेना, तेव्हा शेवंता दोन्ही पिलांना पोटाशी घेऊन भरदुपारी थेट डोहावर गेली. पळसरानाचे पहारेकरी धावले. "पिऊ द्या रे मेल्यांनो, लेकरं आहेत," यमुनाक्का ओरडली. पिलं प्यायली. धाकट्याने डोळे उघडले. शेवंता तिथेच बसून ओक्साबोक्शी रडली, आणि परत आलीच नाही.

संध्याकाळी सागरानात सभा झाली. घसे कोरडे होते, तरी घोषणा जोरात झाल्या. मग नवं फर्मान वाचलं गेलं : सागरानात पाण्याची टंचाई नाही, ज्यांना तहान लागते, ते पळसरानाचे हस्तक आहेत.