सकाळचा गूळ

एकदा एक तरुण घोड्यांची विद्या शिकण्यासाठी एका वृद्ध अश्वपालकाच्या पागेत येऊन राहिला. घरचा शिकलेला आणि चुणचुणीत. घोड्यांची लक्षणे आणि रोग सांगणारे श्लोक त्याला तोंडपाठ होते. नाठाळ घोडे वठणीवर आणावेत, चार गावांत आपले नाव व्हावे, अशी त्याची हौस होती. प्रत्यक्षात हातात आला तो खरारा आणि झाडू.

त्याचेही त्याला फार वाईट वाटले नाही. खराऱ्याखाली घोड्याचे अंग कसे सैल होते, कानामागे खाजवले की खालचा ओठ कसा लोंबू लागतो, दाण्याचा तोबरा दिसताच ते जनावर मानेने कसे हळूच ढुसणी देते, हे सारे त्याला आवडू लागले होते. नकोशी वाटायची ती एकच गोष्ट. रोज सकाळी चंदीचा दाणा देण्याआधी ते वृद्ध, ज्यांना सगळे बाबा म्हणत, अंगणातल्या कडुलिंबाखाली गुळाची वाटी घेऊन उभे राहत आणि मोठ्याने विचारत, "काय खबर?" मग शिष्याने एकेका घोड्याचे नाव घेऊन सांगायचे: पाणी प्याला, लीद टाकली, चारी पायांवर नीट उभा आहे. त्यावर बाबांचा चेहरा असा खुलायचा की जणू घरात बारसेच आहे. "वा! आनंदाची बातमी!" म्हणत ते घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या, गवत घेऊन येणाऱ्या बायांच्या आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्याही हातावर गुळाचा खडा ठेवीत.

"लीद टाकली म्हणून गूळ!" असे म्हणत लोक हसत पुढे जात. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

एकदा त्याने विचारलेच, "बाबा, ही कसली बातमी? हे तर रोजचंच आहे."

"रोजचंच आहे, म्हणून तर रोज गूळ," बाबा म्हणाले आणि त्याचाही खडा त्याच्या हातावर ठेवला. म्हातारपणी माणूस थोडा पोरकट होतो, अशी शिष्याने आपली समजूत करून घेतली.

त्या पागेत शेवंती नावाची एक फिकट सोनेरी घोडी होती. ती एका व्यापाऱ्याची. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, तेव्हा त्या निपुत्रिक व्यापाऱ्याने कापडाच्या बोळ्याने दूध पाजून स्वतःच्या हाताने तिला वाढवले होते. व्यापारासाठी दूरदेशी जाताना त्याने तिला बाबांकडे ठेवले आणि बाबांनी तिची सारी जबाबदारी शिष्यावर सोपवली. पुढे एके दिवशी निरोप आला की शेटजी परत येत आहेत, उद्या दुपारी घोडीला भेटायला पागेत येतील.

झाले! शिष्याच्या अंगात उत्साह संचारला. घोडी पाहताच शेटजींच्या तोंडून कौतुक निघालेच पाहिजे, या एका विचाराने त्याला घेरले. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तो तिची आयाळ गुंफण्यासाठी रंगीत गोंडे शोधू लागला, खुरांना तेल लावू लागला. येता-जाता त्याचे लक्ष तिच्या ठाणाकडे, म्हणजे बांधायच्या जागेकडे, गेले. ठाण अगदी स्वच्छ होते. बरेच झाले, आज झाडायचे काम वाचले, असे त्याला वाटले.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "काय खबर?"

गोंड्यांची गाठ सोडवता सोडवता, मान वर न करता, शिष्याने पाठ म्हटल्यासारखे सांगून टाकले. शेवंतीचेही सांगितले. पाणी प्याली, लीद टाकली, चारी पायांवर नीट उभी आहे. घरातल्या कुणी "बरा आहेस ना?" असे विचारले की आपणही हातातले काम न सोडता "सगळं ठीक" म्हणून मोकळे होतो, तसलेच ते होते. बाबा प्रसन्न झाले. गूळ वाटला गेला, शिष्यानेही खाल्ला, आणि शेवंतीला भरपूर चंदी मिळाली.

उन्हे चढली. आयाळ गुंफून होत आली होती, इतक्यात शेवंतीने मान वळवून आपल्या कुशीकडे पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. मग पुढचा खूर जमिनीवर घासू लागली. "अगं, उभी राहा ना नीट!" शिष्य लाडाने रागावला. सावलीत उभी असूनही तिच्या कानामागे घाम आला होता. तो घाम पुसताना त्याची नजर खाली गेली, आणि ते स्वच्छ ठाण त्याला दुसऱ्यांदा दिसले.

म्हणजे रात्रीपासून तिने लीद टाकलीच नव्हती. पोटशुळाचे सगळे श्लोक त्याला येत होते, पण त्यातला एकही आता आठवेना. तोंडातली गुळाची चव मात्र अजून गेली नव्हती. बाबांना सांगावे का? सांगायचे म्हणजे सकाळी खोटे बोललो हेही सांगणे आले. आणि शेटजी तर यायलाच निघाले असतील! आता टाकेल, एवढ्यात टाकेल, असे मनाशी घोकत तो झाडू हातात धरून तिच्या मागे उभा राहिला. लीद झाडण्यासाठी त्याचा जीव एवढा कधीच आसुसला नव्हता. त्या उभे राहण्यात मोलाचा वेळ गेला. शेवटी शेवंतीने गुडघे मोडले, अंग टाकले आणि ती गडाबडा लोळू लागली, तेव्हा तो धावत सुटला.

बाबा आले. मोतद्दारांना हाताशी घेऊन चौघांनी घोडीला उठवले. बाबांनी तिच्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ ते तसेच राहिले. मग विचारले, "सकाळची लीद कशी होती? ओली, की कोरडी?"

"बरी हो..." एवढे शिष्याच्या ओठांवर आलेही. तेवढ्यात शेवंतीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, नुसती भीती होती. त्याला रडूच फुटले. "बाबा, मी पाहिलीच नाही. ठाण स्वच्छ होतं. मी तसंच सांगून टाकलं."

बाबांनी पुन्हा तिच्या पोटावर हात ठेवला. "म्हणजे कालपासून तुंबलंय. आणि त्यावर आपण दाणा घातला."

"हो, बाबा."

"आता तरी सांगितलंस. नाहीतर मी आजचंच दुखणं समजून नुसतं शेकत बसलो असतो. तेल आण, कोमट पाणी आण. आणि तिला चालवायची. पुन्हा लोळू द्यायची नाही."

तेल पाजले. शिष्य दोर धरून कडुलिंबाभोवती तिला फिरवू लागला. दुपारी व्यापारी आला तो घुंगरांचा नवा पट्टा हातात घेऊन, हसत हसत. घोडीकडे पाहताच त्याचे हसू मावळले.

"शेटजी, चूक माझी आहे," शिष्य म्हणाला.

"ते नंतर बोलू. तू त्या बाजूने धर," व्यापारी म्हणाला आणि पट्टा तिथेच टाकून त्यानेही दोराला हात घातला.

दोघे तिला फिरवत राहिले. मध्येच तिचे पाय लटपटत, मध्येच ती बसू पाही, आणि "चल गं बाई, चल," म्हणत व्यापारी तिला खांदा लावी. दर फेरीला बाबा तिच्या पोटाला कान लावत, आणि दर फेरीला व्यापारी विचारी, "काही खबर?" बाबा मान हलवून नाही म्हणत. सकाळी हसत गेलेले लोक शेतावरून परतताना कुंपणाशी गुपचूप उभे राहिले. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला. शिष्याच्या मनात आता शेटजींच्या रागाची भीती नव्हती, कौतुकाची हौस तर नव्हतीच. या मुक्या जिवाच्या पोटातून एक आवाज यावा, एवढेच त्याला हवे होते.

एका फेरीला बाबांनी बोट वर केले. सगळे थबकले. "गडगडतंय," ते हळूच म्हणाले.

आणखी थोडे चालल्यावर शेवंती आपणहून थांबली आणि तिने शेपटी उचलली.

"टाकली!" व्यापारी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. "अहो, टाकली हो टाकली!" आणि तो तिथेच धुळीत बसून हसता हसता रडू लागला. कुंपणाशी उभे असलेले लोकही ओरडत होते. या वेळी कुणालाच त्या बातमीची लाज वाटली नाही.

बाबा गुळाची वाटी घेऊन आले. व्यापाऱ्याने खडा कपाळाला लावून खाल्ला. शिष्याने मात्र हात मागे घेतला. "आजचा गूळ मी सकाळीच खाल्लाय, बाबा."

बाबा त्याच्याजवळ बसले. "हे बघ, घोड्याला दुखलं की तो लोळून सांगतो. ती खबर न विचारता येते. पण 'मी बरा आहे' हे सांगायला त्याच्याकडे काय आहे? घाण झालेलं ठाण आणि रिकामी बादली, एवढंच. ते कुणीतरी रोज वाकून पाहायला हवं. आणि नुसतं काम म्हणून पाहायचं तर माणूस चार दिवसांत कंटाळतो रे, मीही कंटाळलो असतो. म्हणून हा गूळ. आनंद वाटायचा म्हटलं की तो आहे का, हे आधी पाहावं लागतं. आज तू न पाहता वाटलास." त्यांनी त्याचा खडा वाटीत परत ठेवला. "हा राहू दे. उद्या घे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिष्य शेवंतीच्या ठाणाशी गेला. गवताच्या भाऱ्याला टेकून व्यापारी तिथेच झोपला होता. ठाण घाण झाले होते आणि बादली रिकामी होती. शिष्य खाली बसला. त्याने काडीने लीद मोडून पाहिली, पोटाला कान लावला, चारी पायांवरून हात फिरवला. शेवंतीने त्याच्या खांद्याला हळूच ढुसणी दिली. मग तो पुढच्या ठाणाकडे वळला.

अंगणातून हाक आली, "काय खबर?"

"थांबा बाबा," तो आतूनच म्हणाला, "अजून पाहतोय."

आणि बाबा गुळाची वाटी हातात घेऊन कडुलिंबाखाली थांबून राहिले.